तेलाकडे पाठ

सोमवार, ४ मार्च

बाबा,

आधी नमस्कार, मग काम, असं तुम्हीच शिकवलं आहे. तर नमस्कार.

पत्र लिहिते आहे कारण तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तर "हो हो, ठीक आहे" म्हणून ठेवून देता. परवा मी विचारलं, "घरी कधी येताय?" त्यावरही "हो हो, ठीक आहे." हे उत्तर त्या प्रश्नाला बसत नाही. म्हणून पत्र. यात घरगुती काही नाही, फक्त तांत्रिक शंका आहे.

परिस्थिती अशी. दुकानाच्या जागेचे मालक घरी आले होते. महिनाअखेरपर्यंत शटर उघडलं नाही, तर जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला देणार म्हणतात. आई म्हणाली, "शटर उघडेल." मालक म्हणाले, "वहिनी, पण तळणार कोण?" आई म्हणाली, "आम्ही." त्या "आम्ही"मध्ये मी आहे हे मला मालकांबरोबरच कळलं.

त्यामुळे सध्या आपल्या स्वयंपाकघरात तळलेल्या माशाचं सँडविच करण्याचे प्रयोग चालू आहेत. तुम्ही जो दुकानातला प्रसंग मनाला लावून घेतलात, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. घडलं ते एवढंच: एक गिऱ्हाईक म्हणालं की हल्ली मासा तेलकट लागतो. माझ्या पिशवीत आमच्या प्रयोगशाळेतून नुकताच तपासलेला तापमापक होता. मी तो तेलात बुडवला आणि आकडा वाचला, एकशे अडतीस. असायला हवा होता एकशे ऐंशीच्या आसपास. रांगेतल्या लोकांनी तो ऐकला, कारण मी स्पष्ट बोलते. तुम्ही एप्रन काढलात, त्याची व्यवस्थित घडी घातलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मग तूच तळ." दुसऱ्या दिवशी काकांकडे हवापालटाला गेलात. हवा अजून पालटली नाही असं दिसतं.

तर मी तळते आहे. तापमान बरोबर आहे, आणि तरीही मासा बिघडतो. पिठाचं आवरण तुकडीला धरतच नाही. तेलात टाकली की मासा एकीकडे आणि आवरण दुसरीकडे, मधे मोकळी जागा. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना चवीसाठी बोलावलं. त्यांनी सँडविच उघडून आत पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "कापड उत्तम आहे. अस्तर सुटलंय."

शंका: अस्तर का सुटतं?

तुमची मुलगी

*

शनिवार, ९ मार्च

बाबा,

कार्ड मिळालं. "आधी पुसा. मग मीठ. मग थांबा. मग कोरडं पीठ. मग ओलं." तार पाठवायची सोय बंद झाली हे बरं झालं, नाहीतर तुम्ही याहून कमी शब्दांत भागवलं असतं.

"थांबा" म्हणजे किती वेळ, हे लिहिलेलं नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "मासा घामेजेपर्यंत." हे एकक माझ्या तक्त्यात नाही, पण तुकड्यांकडे बघत बसलो, आणि खरंच त्यांना पाणी सुटलं. ते टिपून घेतलं, कोरड्या पिठात घोळलं, मग भिजवलेल्या पिठात. आवरण जागेवर राहिलं. शिंपीकाकांचा अभिप्राय: "अंगाबरोबर बसलंय. पण घेर जास्त." म्हणजे पीठ जाड झालं. पाणी वाढवलं आहे.

कालचा दिवस मात्र माकुळाचा होता, म्हणजे दुकानाच्या पाटीवरच्या स्क्विडचा. आईचं म्हणणं, दुकानात माकुळाच्या कड्यांचं सँडविच सगळ्यात आधी संपायचं, तेव्हा तेही जमायला हवं. कड्या कापल्या, घोळल्या, तेलात सोडल्या. थोडा वेळ सगळं शांत होतं. मग एक कडी फुटली. मग बाकीच्यांनी तिचं अनुकरण केलं. आई परात पुढे धरून ओट्याजवळ गेली आणि गॅस बंद करून आली. तिनं माझा प्रयोगशाळेतला चष्मा लावला होता. तो तिला शोभतो असं ती स्वतःच म्हणाली. छतावर तेलाचे डाग पडले आहेत. शिडी माळ्यावर आहे आणि माळ्यावर जायला शिडी लागते, म्हणून ते तसेच आहेत.

एक घरगुती गोष्ट, चुकून. तुम्ही गेल्यापासून घर शांत होईल असं मला वाटलं होतं. वर्षभर तुम्हा दोघांची जी भांडणं चालली होती ती जिन्यापर्यंत ऐकू यायची. मी कामावरून आले की आधी जिन्यात थांबून आवाज मिटायची वाट बघायचे. पण आई अजूनही तशीच ओरडून बोलते. आता समोर मी एकटी आहे. "मीठ दे" हे तिनं काल अशा आवाजात सांगितलं की शिंपीकाकांनी खालून मीठ आणलं.

शंका: माकूळ का फुटतं?

तुमची मुलगी

ता.क. आई विचारते, जेवण वेळेवर होतं का. मी विचारत नाही.

*

बुधवार, १३ मार्च

बाबा,

"आत पाणी असतं. पातळ कातडं सोलून काढा. पुसा. लवकर बाहेर काढा." केलं. फुटलं नाही. आईनं तरी चष्मा काढला नाही.

त्याच कार्डावर कोपऱ्यात काकांनी बारीक अक्षरात लिहिलं आहे की तुम्ही तिथे टीव्ही एवढ्या मोठ्यानं लावता की शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं मुक्काम हलवला. काकांना सांगा, आवाज कमी करायचं बटण यंत्राच्या उजवीकडे असतं.

सँडविचची प्रगती. कोळंबीचं बरं होतं, पण पहिल्याच घासाला कोळंब्या मागच्या बाजूनं बाहेर पडतात. शिंपीकाका म्हणाले, "मागची शिवण मोकळी राहिलीय." त्यांनी प्रामाणिकपणे पडलेली प्रत्येक कोळंबी शोधून खाल्ली. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःची पँट स्वतःच सैल केली, आणि हे आमच्यामुळे झालं असं ते जिन्यात सगळ्यांना कौतुकानं सांगतात.

दुसरी अडचण बनची. दोन्ही बाजूंना अंड्याचा सॉस लावला की खालचा बन भिजून हातात येतो. आई म्हणते तुम्ही यावर काहीतरी करायचात, पण तुम्ही पाठमोरे असल्यामुळे तिला ते कधी दिसलं नाही.

मुख्य शंका यानंतर आहे. तेल तयार आहे हे तुम्हाला कसं कळायचं? दुकानात तापमापक कधीच नव्हता. मी आईला विचारलं.

"कसं म्हणजे? ऐकून."

"ऐकून?"

"अगं, ते बन कापायच्या फळीशी उभे असायचे. कढई पाठीमागे. मागे न बघता झारा घालायचे आणि तुकडी काढायचे. मी विचारायचे, कशावरून झाली? म्हणायचे, आवाज बारीक झाला."

मला हे आठवतं. लहानपणी मी त्या फळीखाली बसून गृहपाठ करायचे. तुम्ही वर बन कापत असायचात आणि मधेच हात मागे जायचा. तुमच्या पाठीला डोळे आहेत असं मी वर्गात सांगितलं होतं.

पण एक गोष्ट जुळत नाही. मी तापमापक बुडवला त्या दिवशी तुम्ही तेलाकडे तोंड करून उभे होतात. वाकून, डोळे बारीक करून कढईत बघत होतात. तेव्हा मी ते पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही.

मोजून बघते.

तुमची मुलगी

*

रविवार, १७ मार्च

बाबा,

"कोबी खाली." दोन शब्द. खालच्या बनवर बारीक चिरलेला कोबी, त्यावर मासा, सॉस फक्त वर. बन भिजला नाही. शिंपीकाका म्हणाले, "आता याला आतून टेकू आहे." कोळंब्या सॉसमध्ये घोळवून भरल्या की त्याही पडत नाहीत, हा शोध आईचा. ती तो मालकांना सांगून आली.

मोजमाप केलं. प्रयोगशाळेतून आवाज मोजायचं यंत्र साहेबांच्या परवानगीनं घरी आणलं. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणाले, मासा. त्यांनी अर्जावर सही केली.

एकाच मापाच्या तुकड्या, तेल दोन तऱ्हांचं: एक एकशे ऐंशीला, दुसरं एकशे चाळीसच्या खाली. आई दोन्ही वेळा यंत्रासमोर श्वास रोखून उभी होती, आणि दुसऱ्या वेळी शिंकली. ते मोजमाप पुन्हा घेतलं.

निष्कर्ष: खालच्या पट्टीत दोन्ही तेलं जवळजवळ सारखीच गुरगुरतात. फरक आहे तो वरच्या पट्टीत. तेल बरोबर तापलेलं असलं की एक बारीक, कोरडा, चुरचुरणारा आवाज येतो. थंड तेलात तो नसतो. तो आवाज वगळला तर एकशे अडतीसचं तेल आणि एकशे ऐंशीचं तेल सारखंच.

मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ ओटा पुसत होती. ओटा स्वच्छ होता. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली आणि ती तुम्हाला लिहायला मनाई केली. म्हणून लिहीत नाही. मी फक्त एवढं लिहिते की तुम्ही फोन का ठेवून देता हे मी यापुढे विचारणार नाही.

तुम्ही आता यावं. तळण घरी जमलं आहे, पण दुकान म्हणजे घर नव्हे. मी दिवसभर नोकरीवर असणार. आई एकटी बन कापेल की तळेल?

यायला गाडी सकाळची बरी.

तुमची मुलगी

*

शुक्रवार, २२ मार्च

बाबा,

"दुकान कव्हरवाल्याला द्या. मला आता जमत नाही."

"मला" हा शब्द असलेलं हे तुमचं पहिलं कार्ड. त्यात पाककृती नाही.

मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, पुन्हा वाचलं आणि डब्याखाली ठेवलं. मग म्हणाली, "लिही आता. सगळं लिही." मनाई उठली आहे. तेव्हा त्या दिवशी स्वयंपाकघरात झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

मी विचारलं, "आई, बाबांना ऐकू कमी येतं?"

आई म्हणाली, "येतं. कमी येतं." हे तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की मी खिडकी लावून घेतली.

"कधीपासून?"

"झालं वर्ष. जास्तच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी मला तरी कुठे सांगितलंय? त्यांना वाटतं मला माहीत नाही. मीही तसंच वागते. एकदा म्हणाले, 'तू हल्ली हळू बोलतेस.' म्हटलं बरं, मोठ्यानं बोलते."

"म्हणजे वर्षभर तुमची भांडणं…"

"कसली भांडणं? दूध आणा म्हणत होते मी. गॅस बंद करा म्हणत होते. खालचे शिंपी एकदा वर आले, हात जोडून म्हणाले, वहिनी, संसार आहे, चालायचंच, जरा सबुरीनं घ्या. काय सांगणार त्यांना? हो म्हटलं. घेते सबुरीनं."

बाबा, मी वर्षभर जिन्यात थांबून जे ऐकलं ते दूध आणि गॅस होतं.

आता माझ्या खात्यातलं बोलते, कारण मला तेच येतं. प्रयोगशाळेत आमच्याकडे मापयंत्रं येतात, आणि चांगल्यातली चांगली यंत्रंही वापरून वापरून थोडी सरकतात. सरकलं म्हणून कुणी यंत्र फेकत नाही. आम्ही किती सरकलं ते मोजतो आणि त्यावर चिठ्ठी लावतो: इतकं मिळवा. यंत्र पुढे कामाला लागतं. त्या दिवशी दुकानात मी तेल मोजलं. तेलाचा त्यात काही संबंध नव्हता.

तुम्हाला "जमत नाही" ते फक्त एका पट्टीतलं ऐकणं. पुसणं, घामेजणं, कोबी खाली, यातलं काहीही सरकलेलं नाही. ते मी तीन प्रकारच्या सँडविचवर तपासलं आहे, आणि शिंपीकाकांच्या पँटवरही.

तर व्यवस्था अशी केली आहे. लांब नळीचा तापमापक मिळतो: नळीचं टोक कढईत राहतं आणि तबकडी हवी तिथे लावता येते. तबकडी मी बन कापायच्या फळीसमोरच्या भिंतीवर लावली आहे, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. उंची घराच्या दाराच्या चौकटीवरून घेतली, जिथे दर वाढदिवसाला माझी खूण करून तुम्ही शेजारी गमतीनं स्वतःचीही करायचात. तबकडीचा काटा जाड आहे. वळून बघायला नको.

राहिलं तुकडी झाली की नाही ते. त्यासाठी मी दिवा बसवणार होते. आई म्हणाली दिवा कशाला, मी ओरडेन. तिला सरावही आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे जायचं की नाही हे मी ठरवत नाही. ते तुम्ही दोघं भांडून ठरवा. एक तरी खरं भांडण होऊ द्या.

एकतीस तारखेच्या रविवारी महिना संपतो. मालक आणि कव्हरवाला दोघंही सकाळी दुकानावर येणार आहेत. आम्ही शटर उघडणार आहोत. एप्रन धुऊन, घडी घालून ठेवला आहे. तो मला मोठा होतो.

तुमची मुलगी

*

मंगळवार, २६ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड नाही. काकांचं आलं. लिहितात, "पत्र वाचून तुझ्या बापानं दोन दिवस टीव्ही लावला नाही. मग कढई मागितली. माझ्या बायकोनं नवी भिंत रंगवून घेतली होती. होती, असं लिहितो."

तिथे तुम्ही काय तळलंत हे काकांनी लिहिलेलं नाही. तेल कसं ओळखलंत हेही नाही. मी विचारत नाही. तेलाबद्दलची माझी शंका संपलेली आहे.

आई सकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जाते आणि संध्याकाळी पुन्हा जाते. कपडे एकदाच वाळत घातलेले असतात. गच्चीवरून रस्ता दिसतो.

तुमची मुलगी

*

रविवार, ३१ मार्च

काका,

नमस्कार. पत्र तुम्हाला, कारण ज्यांना लिहायचे ते इथे आहेत. बाबा काल सुखरूप पोचले. काकूला सांगा, भिंतीचं आई बघते म्हणाली आहे.

पोचल्याचं आम्हाला आधी कळलं ते शिंपीकाकांकडून. ते धावत वर आले आणि म्हणाले, "वहिनी, साहेब आलेत. आता सबुरीनं घ्या." आई दारात गेली आणि पूर्ण आवाजात म्हणाली, "जेवलात?" बाबा म्हणाले, "हळू बोल, ऐकू येतं मला." आई म्हणाली, "नाही येत." बाबा चपला काढत म्हणाले, "नाही येत." शिंपीकाका खाली निघून गेले. पुढचं बोलणं जिन्यात ऐकू आलं असणार, पण तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे.

आज सकाळी शटर उघडलं. मालक आले होते. कव्हरवालाही आला होता, जागा मोजायला टेप घेऊन. शिंपीकाकांनी त्याला बाजूला घेऊन टेप उलटी धरली आहे असं दाखवलं, आणि ती खिशात घालायला सांगितलं, मळेल म्हणून. मग त्याला रांगेत उभं केलं. त्यानं माकुळाचं सँडविच घेतलं. नंतर कोळंबीचं घेतलं. मालकांना म्हणाला की त्याला बाजारपेठेतली दुसरी एक जागा जास्त बरी वाटते, पण दोन्ही दुकानं एकमेकांजवळ असती तर चांगलं झालं असतं.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही.

बाबांनी दुकानात पाऊल टाकल्यावर एप्रन बांधला आणि भिंतीवरच्या तबकडीसमोर उभे राहिले. गॅस मी लावला होता. काटा चढत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग कढईकडे, मग पुन्हा तबकडीकडे. रांगेतली माणसं वाट बघत होती. बोट काचेवर टेकवून त्यांनी मला विचारलं, "हा खरं सांगतो कशावरून?"

"तपासलेला आहे."

"कुणी?"

"मी."

त्यांनी मान हलवली. बनची पिशवी पुढे ओढली, सुरी घेतली, तेलाकडे पाठ केली आणि कापायला लागले.

तुमची पुतणी